कोशावर साखळी चढवताना

तांदळाचा कट्टा घरी आला की त्याचं तोंड दोन तऱ्हांनी उघडतं. घाईतला माणूस कात्री घेऊन कचाकच कापत सुटतो. जाणता माणूस नेमकं टोक हुडकून एकदाच ओढतो आणि अख्खी शिलाई सर्रकन उसवून हातात येते. धान आणि राईस मिलच्या भंडारा जिल्ह्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही. पुढच्या वेळी मात्र कट्टा उघडण्याआधी मिनिटभर थांबून ती शिलाई नीट बघा. एकदोरी शिलाई असेल तर एका बाजूने ती साध्या टिपेसारखी सरळ दिसेल आणि उलट बाजूला कडीत कडी अडकलेली साखळी दिसेल. भरतकामातला साखळी टाका तो हाच. पोत्यावर तो मशीन घालतं, कापडावर आपण सुईने घालतो आणि साखळीची बाजू वर ठेवतो.

या टाक्याचा सगळा स्वभाव त्या कट्ट्याच्या तोंडावर दिसतो. प्रत्येक कडी पुढच्या कडीच्या भरवशावर उभी असते. शेवटच्या कडीला पुढे कोणी नसतं, म्हणून ती वेगळी बांधावी लागते. ती नीट बांधली नाही तर आठवडाभराचं काम एका ओढीत उसवतं.

भरतकामाची पुस्तकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एका दमात पंचवीस टाके दाखवतात. शिकणारी हौसेने एका रुमालावर त्या सगळ्यांची एकेक ओळ घालते, आणि शेवटी पंचवीसपैकी एकही टाका हातात बसलेला नसतो. मी याच्या विरुद्ध सल्ला देईन. दोन महिने एकच टाका घ्या, आणि तो साखळीचाच घ्या. रेषा, अक्षर, पान, पाकळी, भरीव बुट्टी, सगळं या एका टाक्यात होतं. शिवाय तो रेशमावर शोभतो, आणि रेशीम तर आपल्या जिल्ह्यातच विणलं जातं.

मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवरचं कोसा कापड ज्यांनी हाताळलंय त्यांना ठाऊक असेल, ते तुतीच्या रेशमासारखं गुळगुळीत नसतं. कोशाचा किडा रानातला. तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत ढिवर समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करत आली आहेत. पाखरं आणि मुंग्यांपासून किडे वाचवायचे, झाडाचा पाला संपला की त्यांना दुसऱ्या झाडावर न्यायचं, मग कोष उतरवायचे. कोष उकळून मऊ करायचे आणि बायकांनी मांडीवर घोळवून त्यांचं सूत काढायचं, ही जुनी रीत. असं सूत मधूनच जाड, मधूनच बारीक निघतं. कापडाला येणारी ती खरखरीत चमक त्यातूनच येते, मधासारखा रंग मात्र या रेशमाचा मूळचाच.

भरतकाम करणाऱ्या हाताला हे कापड अवघड जातं. सुती कापडावर टाका चुकला, उसवला, तर पाण्याचा हात फिरवून भोक मिटतं. कोशावर सुई एकदा गेली की तिची खूण बराच काळ राहते. दोरा जरा जास्त ओढला तर कापड चुण्या धरतं आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी आईच्या कपाटातली कोसा साडी बाहेर काढू नका. पहिले तीन-चार आठवडे धुतलेलं, खळ निघालेलं सुती कापड घ्या. जुन्या धोतराचा किंवा पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा चालेल. पॉलिस्टर घेऊ नका. त्यावर सुई सरकते, त्यामुळे हाताला ओढीचा अंदाजच येत नाही.

सामान फारसं लागत नाही. सहा पदरांच्या भरतकामाच्या दोऱ्याची लडी भंडारा-तुमसरच्या कोणत्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळते. तिच्यात साधारण आठ मीटर दोरा असतो. शिकताना गडद रंग घ्या, म्हणजे चूक लपणार नाही. लांबट नेढ्याची, टोकदार भरतकामाची सुई हवी. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे लक्षात ठेवा. तीन पदरांना सात नंबर, दोन पदरांना आठ किंवा नऊ. सुतीवरचा सराव तीन पदरांनी करा, कोशावर दोनच पदर घ्यायचे आहेत. पदर वेगळे करताना सगळे एकदम ओढले की गुंता होतो. एकेक पदर सरळ वर उपसून काढा आणि मग हवे तेवढे पुन्हा जोडून घ्या. दोऱ्याची लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त नको. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो, त्याची चमक उडते आणि साखळीचं शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा फिकं दिसतं.

रिंगबद्दल थोडं. पाच-सहा इंची लाकडी रिंग बरी, पण साखळी शिकताना कापड ढोलासारखं ताणू नका. या टाक्यात सुई एका झटक्यात कापडात जाऊन पुढे वर यायला हवी, आणि ताणलेल्या कापडात ते जमत नाही. तिथे प्रत्येक टाक्याला वर-खाली असं दोनदा टोचावं लागतं आणि हाताची लय तुटते. रिंगमधलं कापड बोटाने दाबलं तर किंचित झुकेल, इतकं सैल ठेवा. छोट्या तुकड्यावर काम असेल तर रिंगशिवाय, नुसतं हातात धरूनही चालतं.

आता टाका. कापडावर खडूने बोटभर लांबीची सरळ रेषा मारा आणि ती उभी, स्वतःकडे येणारी धरा. वरच्या टोकाशी सुई खालून वर काढा. दोरा रेषेच्या डावीकडे, खालच्या बाजूला पसरू द्या आणि डाव्या अंगठ्याने तो कापडावर दाबून धरा. ज्या भोकातून दोरा वर आला त्याच भोकात सुईचं टोक परत घाला, आणि तीन मिलिमीटर पुढे रेषेवर ते वर काढा. सुई अजून कापडातच आहे. आता बघा, दाबून धरलेला दोरा सुईच्या टोकाखालून गेलेला असला पाहिजे. नसेल तर सुईनेच तो टोकाखाली घ्या. मग सुई ओढून काढा. दोरा फास होऊन वळतो आणि पहिली कडी तयार होते. दुसऱ्या टाक्यासाठी सुई त्या कडीच्या पोटात, दोरा जिथून वर आला त्याच भोकात घालायची आणि पुन्हा तीन मिलिमीटर पुढे काढायची. रेषेच्या टोकापर्यंत असंच. शेवटची कडी झाली की तिच्या टोकावरून बाहेर एक बारीक आडवा टाका घालून ती बांधायची. मग मागे जाऊन दोरा दोन-तीन टाक्यांखालून ओवून कापायचा.

हे सगळं वाचायला जितकं लांब, करायला तितकंच सोपं. दहा मिनिटांत साखळी पडते. पण ती सारखी पडत नाही. एक कडी गुबगुबीत, दुसरी बारीक, तिसरी तिरकी. इथे बहुतेक जणी सुईकडे बघतात. टाका किती लांब गेला, भोक चुकलं का, हेच शोधत बसतात. शिकवताना मला सारखं दिसतं ते वेगळंच. साखळी सुईने पडते, पण ती एकसारखी होते डाव्या अंगठ्याने. सुई बाहेर काढल्यावर दोरा आवळत येतो, तेव्हा अंगठा तो शेवटपर्यंत सोडत नाही. फास अंगठ्याच्या अगदी कडेशी येईपर्यंत दाब कायम, आणि मग अलगद उचल. अंगठा लवकर सुटला तर दोरा पिळतो आणि कडी वाकडी बसते. उशिरा सुटला तर कडी सैल राहते. अंगठ्याला हा क्षण कळला की बाकी सगळं आपोआप जमतं. डावखुऱ्या असाल तर अंगठा उजवा आणि बाजू उलट.

दुसरी गोष्ट, ओढायची दिशा. दोरा वर, आपल्या छातीकडे ओढू नका. कापडाला समांतर, रेषा जिकडे चाललीय तिकडेच ओढा. वर ओढला की कडी अरुंद होते आणि कापड गोळा होतं. कडीच्या आतलं कापड दिसत राहायला हवं. साखळी म्हणजे दोन दोऱ्यांच्या मध्ये एक छोटं पान, हे डोळ्यासमोर ठेवा. ते पान मिटलं तर ओढ जास्त झालीय.

आपलं काम तपासायचं असेल तर कापड उलटं करा. पाठीमागे एकाला लागून एक अशी उलट्या टिपेची सरळ रांग दिसायला हवी, म्हणजे कट्ट्याची सरळ बाजू. रांगेत मध्ये मोकळी जागा पडली असेल तर सुई त्याच भोकात परत न जाता बाजूला गेली आहे. टीप कधी लांब, कधी आखूड असेल तर टाक्याची लांबी सांभाळली नाही. मागची बाजू खोटं बोलत नाही, समोरून कडी जरा फुगली की चूक झाकली जाते. म्हणून नवशिकीचा नमुना मी आधी उलटाच करून बघते.

सरळ रेषा जमली की वळण घ्या. वळणावर टाके लहान करा, तीन मिलिमीटरचे दोन करा, नाहीतर गोल रेषेचे कोपरे होतात. वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं वर्तुळ हा उत्तम सराव. वर्तुळ बंद करताना शेवटी एका टाक्याची जागा उरेल. तिथे सुई कापडात न घालता पहिल्या कडीच्या दोन्ही दोऱ्यांखालून सरकवा आणि परत शेवटच्या कडीच्या पोटातल्या भोकात खाली घाला. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडणार नाही. टोकदार कोपऱ्यावर वेगळी युक्ती लागते. कोपऱ्यापर्यंत आलात की शेवटची कडी बारीक टाक्याने बांधून टाका. मग त्याच कडीच्या आतून सुई वर काढून नव्या दिशेने सुरुवात करा. न बांधता वळलात तर कोपऱ्याची कडी तिरपी होऊन आत ओढली जाते. पान, कोयरी, अक्षर, सगळीकडे हा कोपरा येतो.

दोरा संपत आला की शेवटची ओढ घेऊ नका. जुन्या दोऱ्याने सुई कडीच्या भोकात घालून मागे न्या, पण फास वर सैलच ठेवा. नवा दोरा मागे अडकवून त्या सैल फासाच्या आतून, पुढच्या टाक्याच्या जागी वर काढा. आता मागून जुना दोरा हळूच ओढा, फास नव्या दोऱ्याभोवती बेताचा बसेल. मग जुना दोरा ओवून कापा. गाठ मारू नका. कोशावर गाठ पुढून उठून दिसते.

आपल्या भागात हा टाका शिकायला पावसाळा सोयीचा. रोवणा आटोपला, बांधीत पाणी उभं राहिलं की घरातल्या हातांना थोडी सवड मिळते. त्यानंतर पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून पोरांनी घरोघरी न्यायचे, ही नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची रीत. त्या लाकडी बैलाची झूल करायला घ्या. वीतभर सुती कापड, कडेला एक साखळी, मध्ये चार-पाच सुट्या कड्यांचं फूल. ही सुटी कडी म्हणजे साखळीची एकच कडी, टोकाशी लगेच बांधलेली. भरतकामवाल्या तिला लेझी डेझी म्हणतात. मधोमध एक बिंदू घ्या, सगळ्या पाकळ्या तिथूनच सुरू करा. झुलीला वळण आहे, कोपरे आहेत, जोड आहे, सुटी कडी आहे, म्हणजे वर सांगितलेलं जवळजवळ सगळं तिच्यात येतं. आणि झूल लहान असते, दोन-तीन बैठकांत संपते. अर्धवट राहिलेले टेबलक्लॉथ मी पुष्कळ पाहिलेत, अर्धवट झूल क्वचितच. पोळ्याची तारीख डोक्यावर असते ना!

पोळ्यानंतर कोशाकडे वळा. आधी साडी नको, दुपट्टा किंवा ब्लाउजपीस घ्या. कापलेली कड असेल तर तिच्यावर आधी तिरपे टाके मारून घ्या, कारण कोशाचे धागे कडेने भराभर सुटतात. नक्षी उतरवताना कार्बन पेपर वापरू नका, त्याचा मेणकट डाग रेशमातून निघत नाही. दुकानात खाका छापून देतात तो रॉकेलमध्ये कालवलेल्या पावडरीने. सुती साडीला ठीक, कोशावर तो धोका मी घेणार नाही. पातळ बटर पेपरवर नक्षी काढा, रेषेवर बारीक सुईने जवळजवळ भोकं पाडा, कागद कापडावर ठेवून खडूची कोरडी पूड पुरचुंडीने थापटा. मधाळ कोशावर पांढरी पूड दिसली नाही तर तिच्यात चिमूटभर निळा खडू मिसळा. पूड झटकली जाण्याआधी त्या खुणांवरून पांढऱ्या दोऱ्याचा सैल धावदोरा घाला. साखळी झाली की तो उपसून टाकायचा. हे काम कंटाळवाणं आहे. पण डाग पडलेल्या दुपट्ट्याला दुसरा इलाज नाही.

रिंगची आतली चकती सुती पट्टीने गुंडाळून घ्या आणि उठताना दर वेळी रिंग काढून ठेवा. रात्रभर राहिली तर गोल वळ उमटतो. सुई नवी घ्या. सुतीवर बोथट झालेली सुई कोशाचा धागा बाजूला सारत नाही, तो तोडते. कापडात जाड सूत आडवं आलं तर टाका अर्धा मिलिमीटर पुढे-मागे करा, त्याच्या मधोमध सुई घुसवू नका. आणि इथे उसवणं परवडत नाही. कडी चुकली असं वाटलं तर सुई मागे घेण्याआधी क्षणभर बघा, थोडीशी चूक असेल तर तशीच पुढे जा. कोशाच्या मुळातल्याच खडबडीतपणात ती खपून जाते.

नक्षी कोणती घ्यावी, यावर माझं ठाम मत आहे. कोशावर कमी काढा. विदर्भाच्या करवती काठाची साडी घ्या, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. काठाचे ते करवतीसारखे दाते विणताना विणकर तीन धोटे चालवतो, म्हणजे सजावट विणीतच झालेली असते. अशा काठाला लागून मोठाल्या फुलांची रांग काढली तर दाते आणि फुलं एकमेकांना मारतात. त्यापेक्षा काठापासून बोटभर अंतर सोडून अंगावर एकच रेषा ओढा, काठाच्याच रंगाची. दात्यांशी नातं सांगायचं असेल तर नागमोडी साखळी घाला. कडी एकदा डावीकडे तिरकी, एकदा उजवीकडे. त्यात एक खबरदारी लागते. कडी तिरकी असल्याने ती घसरते. म्हणून पुढचा टाका घेताना सुई कडीच्या पोटात न जाता तिच्या टोकाच्या दोऱ्यातूनच, तो किंचित टोचून जायला हवी.

भरीव बुट्टी भरताना साखळीच्या रांगा एकमेकींना खेटून, बाहेरून आत घ्या, आणि सगळ्या रांगा एकाच दिशेने. एक वर, एक खाली केली की उजेड वेगवेगळा परावर्तित होतो आणि बुट्टी पट्टेरी दिसते. चीनच्या हुबेई प्रांतात माशान इथे १९८२ मध्ये उकरलेल्या थडग्यात इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकातली रेशमी वस्त्रं मिळाली. त्यांवरचे पक्षी आणि वाघ साखळी टाक्यानेच काढलेले आहेत. कड्यांच्या रांगा वळवत वळवत पिसं आणि पट्टे उभे केले आहेत. त्यांचे फोटो शोधून बघा. बाजारातल्या छापील नक्षीपेक्षा ते जास्त शिकवतात.

आता हिशेब, कारण पुष्कळ जणी हे काम बचत गटातून किंवा ओळखीवर विकण्यासाठी शिकतात. साखळी दोरा खाते. वर दोन दोरे, खाली एक, वर वळणाची भर. रेषेच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा धरा. साडीच्या एका काठालगतची रेषा साडेपाच मीटर, म्हणजे बावीस मीटर दोरा. आठ मीटरच्या लडीचे सहा पदर सुटे करून दोन-दोन जोडले तर चोवीस मीटर मिळतो. म्हणजे एका लडीत एक रेषा जेमतेम बसते, तुकडे वाया जातात ते वेगळेच. म्हणून दोन लड्या घ्या, आणि एकदमच, लेबलावरचा नंबर तपासून. नंतर आणलेल्या लडीचा रंग किंचित वेगळा निघू शकतो.

वेळेचाही हिशेब मांडा. तीन मिलिमीटरचा टाका धरला तर साडेपाच मीटरला अठराशेच्या आसपास टाके. हात बसल्यावर मिनिटाला आठ पडले तरी पावणेचार तास, आणि नक्षी उतरवणं, दोरे ओवणं, डोळ्यांना विसावा देणं त्यावर. या वेळेला मजुरी लावा. बायका दोऱ्याचे पैसे धरतात आणि वेळ फुकट देतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काही नसतं. एका रेषेचे तास किती, हे घड्याळ लावून एकदा मोजलं की दर सांगताना जीभ अडखळत नाही.

कोणीतरी नक्की विचारेल, हेच काम आरीवर झटपट होतं, मग सुईने कशाला? खरं आहे. कच्छच्या मोच्यांनी चामड्याच्या आरीसारख्या आकड्याने रेशमावर साखळी घातली, ते मोची भरत. खंबायतहून असं साखळीचं भरतकाम सतराव्या शतकात युरोपात जात होतं. आज लग्नाच्या ब्लाउजवर आरी वर्क गावोगाव होतं. मण्या-टिकल्यांचं भारी काम असेल तर आरीच हवी. पण आरीला ताठ ताणलेली चौकट लागते, एक हात कापडाखाली अडकतो, आणि कोशाच्या जाड-बारीक सुतात तिचा आकडा अडकून धागा उपसू शकतो. एक-दोन रेषांच्या कामाला सुई बरी. ती पिशवीत मावते आणि मंडईत नाटक सुरू व्हायची वाट बघतानाही चालते.

धुण्याचं आधीच बघून ठेवा, काम झाल्यावर नव्हे. लाल, मरून, गडद निळा यांतला कोणताही दोरा वापरण्याआधी ओला करून पांढऱ्या रुमालात घट्ट दाबा. डाग पडला तर तो दोरा कोशावर नको. तयार कापड रिठ्याच्या पाण्यात, गार, न चोळता, न पिळता धुवा. पहिली धुलाई वेगळी. सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे कड्या चपट्या होत नाहीत. कपाटात ठेवताना भरतकामावर घडी येऊ देऊ नका, सुती कापडात गुंडाळा, आणि दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं मोडलेलं रेशीम तिथेच चिरतं.